आखरावरची गायकी

मराठीत ‘गायकी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि त्या दोहोंची आपसांत ओळख नाही. पहिला अर्थ आमच्या वाचकांस सांगावयास नको. ग्वाल्हेरची गायकी मोठी की किराण्याची, या वादात रात्रीच्या रात्री घालविणारी मंडळी आमच्याही परिचयाची आहेत. दुसरा अर्थ नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूच्या खेड्यांतून चालतो. तेथे गायकी म्हणजे गावाच्या गाई राखणारा माणूस. ‘आज गायकी आला नाही’ असे तिकडची एखादी गृहिणी म्हणाली, तर गाण्याची बैठक फिसकटली असे समजू नये. गाय आज दाव्यालाच राहणार व तिच्या वैरणीची सोय घरीच पाहावी लागणार, एवढीच ती तक्रार असते. एका शब्दाचे मूळ गाण्यात आहे, दुसऱ्याचे गाईत. परंतु वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या पाडव्यास, हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या ठायी येतात. त्या माणसाविषयी आज काही लिहावे असा विचार आहे.

निमित्त असे झाले. गेल्या पाडव्यास आम्ही एका घरगुती कामासाठी कळमन्यास गेलो होतो. नागपूरच्या पूर्वेकडील या भागाचे नाव निघाले की आज धान्याची पोती, लाल मिरचीचे ढीग आणि संत्र्यांच्या गाड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. कृषि-उत्पन्नाची एवढी मोठी बाजारपेठ या प्रांतात दुसरी नाही. त्या दिवशी सणामुळे वर्दळ कमी होती. रस्त्याच्या कडेने पाचसात माणसांचा एक मेळा येत होता. पुढे एकाच्या हातात उंच बांबू, त्याला आडवी काठी बांधलेली, काठीवरून रंगीत वस्त्र सोडलेले आणि शेंड्यावर मोरपिसांचा झुपका. मागे डफ, टिमकी आणि घुंगरू. मेळ्यातील वृद्ध गृहस्थ एका चहाच्या दुकानापुढे थांबला, कानावर हात ठेवून त्याने दोन ओळी मोकळ्या गळ्याने सोडल्या, शेवटचा स्वर लांबवीत लांबवीत त्याची हाक केली, आणि हाक संपताच वाद्ये उठली. दुकानदाराने एक नोट पुढे केली. समोर गाय नव्हती. एक मालमोटार मात्र उभी होती, आणि तिच्या टपाला कोणी तरी झेंडूची माळ बांधली होती.

हे गोवारी होते. गोवारी ही मराठी मुलखातील गाई राखणारी जात, असे इंग्रजी आमदानीतील ग्रंथकार सांगतात, आणि तिची वस्ती मुख्यतः जुन्या नागपूर विभागात व वऱ्हाडात होती. १९११ च्या खानेसुमारीत त्यांची संख्या दीड लक्षाहून अधिक भरली. उत्तरेकडील अहीर व येथील गोंड यांच्या संबंधातून ती झाली असावी, हा त्या ग्रंथकारांचा तर्क. या तर्कामुळे पुढे काय अनर्थ ओढवला ते ओघाने येईलच. प्रथम या माणसाची विद्या कोणती व ती तो कशी मिळवितो, ते पाहू.

आठनऊ वर्षांचा मुलगा आधी वासरांमागे जातो. मोठा भाऊ किंवा बाप गाईंमागे, आणि हा गावाजवळच्या पडीत जमिनीत वासरे घेऊन. पहाटे गावाच्या कडेला आखरावर गुरे जमावयाची. आखर म्हणजे गुरे एकत्र करण्याची मोकळी जागा. आमच्या देशावरच्या वाचकांस हा शब्द अपरिचित असेल, पण पूर्व विदर्भात आखर नाही असे गाव नव्हते. घरोघरच्या गाई दाव्यातून सुटल्या की आपण होऊन आखराची वाट धरतात. तेथून गायकी त्यांस झुडपांच्या रानात नेतो, दुपारी पाण्यावर आणतो, सावलीत बसवितो, आणि दिवस मावळता परत आखरावर सोडतो; तेथून आपापले घर गाईंस ठाऊक असते. शंभर-दीडशे गुरांतील प्रत्येक जनावर कोणत्या घरचे, कोणते गाभण, कोणते मारके, कोणते पिकाकडे तोंड घालणारे, हे त्याला पाठ असावे लागते. पाठ नसेल तर कोंडवाडा आहेच. १८७१ च्या पशु-अतिक्रमणाच्या कायद्याने दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार शेतकऱ्यास दिला, आणि तेव्हापासून दंड मालकाने भरावा की गायक्याने, या भांडणास गावोगाव तोंड फुटले. मजुरी जनावरामागे ठरावीक धान्य, तीही सुगी झाल्यावर. आता रोख पैसा आला आहे.

गाण्याची तालीम येथेच होते, परंतु तिला तालीम म्हणत नाहीत. रानात पांगलेल्या कळपाला वळविण्यासाठी एक हाक, पाण्याला नेण्यासाठी दुसरी, वाट चुकलेल्या वासरासाठी तिसरी. वारा समोरून असला तर सूर वर चढवावा लागतो, पाठीमागून असला तर तोच सूर सैल सोडून भागते. अशा रीतीने दहा-पंधरा वर्षे कमावलेला गळा पाडव्यास गाऊ लागला म्हणजे त्याच्या गाण्यातून हाक जाणार कोठे? आमच्या बैठकीतील गवयास चार भिंती आणि समजदार श्रोते मिळतात. याचा स्वर उघड्या रानासाठी घडलेला, म्हणून तो अंगणात ऐकणाऱ्यास कर्कश वाटतो. आम्हांसही पूर्वी तो तसाच वाटत असे, हे कबूल केलेले बरे.

पोळ्याचा सण महाराष्ट्रभर गाजतो, आणि नागपुरात तान्ह्या पोळ्यामुळे तो मुलांचाही झाला आहे. परंतु पोळा हा बैलाचा, म्हणजे पर्यायाने शेतमालकाचा सण. गाय आणि तिला राखणारा यांचा सण पाडवा. त्या दिवशी गुरांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, गळ्यात माळा घालतात. शेणाचा गोवर्धन करून त्यावरून गाई नेतात. भंडारा जिल्ह्यात तर नवस फेडणारा माणूस स्वतः जमिनीवर पालथा पडतो आणि त्याच्या अंगावरून गाई धावत जातात. गायकी आपला मेळा घेऊन ज्यांची ज्यांची गुरे वर्षभर राखली त्यांच्या अंगणात जातो, त्या घरच्या गाईपुढे गातो, नाचतो, घराला आशीर्वाद देतो. मग घरधनीण सुपात धान्य घेऊन येते. वर्षभर ज्याला ‘अरे’ म्हटले त्याच्यापुढे त्या दिवशी सूप दोन हातांनी धरतात. यात देव कोण आणि पुजारी कोण, हे सांगणे कठीण. गाईची पूजा चाललेली असते एवढे खरे.

आता त्या मोरपिसांच्या बांबूविषयी. तिला ‘ढाल’ म्हणतात. लढाईतील ढालीशी तिचा काही संबंध नाही. रा. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर चार भागांचा जो ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात गोवाऱ्यांच्या प्रकरणी या ढालीची हकीकत आली आहे. जो पुरुष किंवा जी स्त्री मूलबाळ नसता मरण पावते, तिच्या आत्म्याची ही खूण. पुरुषाच्या ढालीला एक आडवी काठी, स्त्रीच्या ढालीला दोन. दिवाळीत ती बाहेर काढावयाची, वस्त्रे नेसवावयाची आणि वाजतगाजत मिरवावयाची. म्हणजे ज्यांच्यामागे नाव घेणारे कोणी उरले नाही, त्यांना जातीने मिळून खांद्यावर घ्यावयाचे आणि गाईंपुढे नाचवावयाचे. श्राद्धविधीत निपुत्रिकांसाठी आमच्या धर्मशास्त्राने जी काही सोय केली आहे, तिच्यापेक्षा ही सोय आम्हांस अधिक माणुसकीची वाटली. रस्त्यावरून जाणारी ढाल आम्ही बालपणापासून पाहत आलो, आणि ती शोभेची काठी आहे असेच वयाच्या चाळिशीपर्यंत समजत होतो.

रसेल-हिरालालांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांच्या ग्रंथात एक उणीव राहिली आहे, आणि ती त्यांच्या एकट्यांची नाही. त्यांनी गोवाऱ्यांच्या पोटजाती मोजल्या: गाय-गोवारी, इंगा आणि मारिया ऊर्फ गोंड-गोवारी, कोण कोणाच्या हातचे शिजलेले अन्न खातो याचा तपशील दिला, लग्नाच्या व मृत्यूच्या चाली लिहिल्या. त्यापूर्वी १९०५ मध्ये ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड निघाला, त्यात नागपुरीच्या पोटबोलींमध्ये ‘गोवारी’ बोलीचीही दखल घेतली गेली. म्हणजे या माणसाची संख्या झाली, सोयरीक झाली, व्याकरण झाले. गाणे मात्र राहिले. अमुक गावचा अमुक गायकी असे गातो, असे एकही नाव त्या पानांत आम्हांस आढळले नाही.

गाणी टिपून घेण्याची रीत त्या काळी ठाऊक नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. नागपुरात १८४५ च्या सुमारास आलेले स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी गोंडांविषयी टिपणे करीत असत. त्यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ नदी ओलांडताना हिस्लॉप बुडून मरण पावले. पुढे १८६६ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी ते कागद छापविले आणि गोंडांचे महाकाव्य जगापुढे आले. परधान हा गोंडांचा भाट. गाणे हाच त्याचा धंदा, त्यामुळे त्याला ‘गा’ म्हणून सांगणे कोणासही सुचावे. गायक्याचा धंदा गाई राखण्याचा. तो गातो हे साहेबाच्या ध्यानात येणे कठीण होते. आमच्या ध्यानात का आले नाही, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

मराठी काव्यात गुराख्याला काही तोटा नाही. ज्ञानदेव-एकनाथांच्या गौळणींपासून तमाशातील गण-गौळणीपर्यंत, आणि आमच्या विदर्भातील खडीगंमतीपर्यंत, पेंद्या आणि त्याचे सवंगडी अखंड गात आले आहेत. पण त्या पेंद्याच्या पायाला चिखल नाही. वृंदावनातील गोपाळासाठी आम्ही डोळ्यांतून पाणी काढतो, आणि तोच गोपाळ दारात उभा राहिला म्हणजे चार आणे देऊन वाटेला लावतो. यात आम्ही सर्वथा दोषी आहोत असे नाही. कवितेतले पात्र आणि दारातला माणूस यांची सांगड घालणे कोणत्याच समाजास सोपे गेलेले नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. तेथे यादवी युद्धानंतर, १८६७ पासून, टेक्सस प्रांतातील गुरांचे कळप उत्तरेकडे कॅन्ससमधील रेल्वेपर्यंत पायी नेण्याचा मोठा उद्योग सुरू झाला. ते काम करणाऱ्या घोडेस्वार गुराख्यास काउबॉय म्हणतात. बोलपटांनी त्याच्या हातात पिस्तूल दिले आहे. खऱ्या गुराख्याच्या हातात बहुधा दोर असे, आणि रात्री तोंडात गाणे. कारण रात्री कळप बसला असता विजेचा कडाका झाला, काटकी मोडली, घोडा फुरफुरला, तर हजारो जनावरे एकदम उठून धावत सुटत आणि जे आडवे येईल ते तुडवीत. हे होऊ नये म्हणून दोन स्वार कळपाभोवती उलट दिशांनी संथपणे फिरत आणि सारखे गात राहत. ओळखीचा आवाज कानी पडत आहे तोवर गुरे शांत राहतात. तारेच्या काटेरी कुंपणाचा शोध १८७४ मध्ये लागला, रेल्वे दक्षिणेस पोहोचली, आणि वीसएक वर्षांत तो सारा उद्योग आटोपला.

पण गाणी वाचली. जॅक थॉर्प नावाच्या गुराख्यानेच घोड्यावरून हिंडून ती गोळा केली आणि १९०८ मध्ये न्यू मेक्सिकोतील एका लहानशा गावी तेवीस गाण्यांची चोपडी छापली. दोन वर्षांनी जॉन लोमॅक्स यांचा मोठा संग्रह निघाला. हे लोमॅक्स आमच्याच व्यवसायाचे, महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे. तरुणपणी त्यांनी आपली वही विद्यापीठातील एका अध्यापकास दाखविली असता असल्या गावंढळ गाण्यांत काही अर्थ नाही असे उत्तर मिळाले, आणि रागाच्या भरात आपण ती वही जाळून टाकली, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ही गोष्ट थोडी रंगविलेली असावी असे काही अभ्यासकांस वाटते. आम्हांस मात्र ती खरी मानण्यास मुळीच अडचण वाटत नाही, कारण तो अध्यापक आम्हांस आरशात दिसतो. पुढे हार्वर्ड येथे त्यांस प्रोत्साहन मिळाले, आणि १९१० च्या त्या पुस्तकाच्या आरंभी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे पत्र छापले गेले. त्यातील एक गाणे १९४७ मध्ये कॅन्सस राज्याचे राज्यगीत झाले.

मग ध्वनिमुद्रिकेचा काळ आला. टेक्ससमधील कार्ल स्प्रेग हा त्या पहिल्या गायकांपैकी एक. जन्म १८९५. गुरांच्या वाड्यावर वाढलेला, वडीलधाऱ्यांच्या तोंडून गाणी शिकलेला. १९२५ मध्ये त्याने ‘व्हिक्टर’ कंपनीसाठी काही गाणी म्हटली. त्यांतील ज्या गाण्याने त्याचे नाव झाले, ते हंगाम संपल्यावर आईकडे परतण्याचा बेत करणाऱ्या एका गुराख्याचे आहे. त्याच रात्री कळप उधळतो आणि तो त्यात सापडून मरतो. त्या तबकड्या अफाट खपल्या. तथापि स्प्रेगने गाण्यावर पोट भरले नाही, आयुष्य इतर नोकऱ्यांत काढले. म्हातारपणी, १९६० नंतर, विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा शोधून काढून व्यासपीठावर बसविले. १९७९ मध्ये तो वारला. त्याच्या मागून आलेल्या चित्रपटांतील देखण्या गाणाऱ्या गुराख्यांपैकी कित्येकांनी एक वासरूही राखले नसेल. परंतु मूळ आवाज तबकडीवर राहिला आहे, आणि ज्याला ऐकावयाचा त्याला ऐकता येतो.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. जुन्या मध्यप्रांतातच छत्तीसगड होता, आणि तेथील राऊत हे गोवाऱ्यांचे धंदेबंधू. कार्तिकी एकादशीपासून ते दोहे म्हणत नाचत निघतात. बिलासपुरात १९७८ पासून या राऊत-नाचाचा मोठा महोत्सव भरतो, मंडळ्यांच्या चढाओढी लागतात. महोत्सवाने गाण्याचे भले होते की बुरे, याविषयी आमचे मन साशंक आहे. चढाओढ लागली की गळ्यापेक्षा पोशाखाकडे लक्ष जाते. पण निदान बिलासपूरच्या शाळेतील मुलाला राऊताचे गाणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

इकडे विदर्भात गाण्याआधी रानच सरले. पूर्व विदर्भाच्या जमीन-दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून एक सदर आहे. जेथे शेत पिकत नाही, मोठे झाडही येत नाही, अशी हलकी, झुडपांची जमीन. गावाच्या गुरांचे चरणे तेथेच. ती वन आहे की महसुलाची पडीत, हा घोळ वर्षानुवर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ती वनजमीन असल्याचा निर्णय दिला. दरम्यान तिच्या पुष्कळ भागावर रस्ते, शाळा, वसाहती उभ्या राहिल्या होत्या. शहरालगतच्या गावांत तर चराऊ रानच राहिले नाही, घरोघरची गाय गेली, दूध पिशवीतून येऊ लागले. आखर गेला की आखराचा माणूस रिकामा होतो. तो मग जेथे काम असेल तेथे जातो. कळमन्यासारख्या बाजारात पोती वाहण्याचे काम नेहमीच असते.

रिकाम्या माणसाला सरकारच्या यादीचा आधार लागतो, आणि येथे ते १९१६ चे पुस्तक पुन्हा पुढे येते. अनुसूचित जमातींच्या १९५६ च्या सुधारित यादीत गोंडांच्या पोटजमातींत ‘गोंड गोवारी’ असे नाव आले. गोवारी म्हणाले, ते आम्हीच. शासन म्हणाले, ‘गोंड गोवारी’ निराळे व ‘गोवारी’ निराळे. १९८५ मध्ये तशा अर्थाचा शासन-निर्णयही निघाला. दोन शब्द जोडून वाचावयाचे की मधे एक रेघ ओढावयाची, एवढ्यावर लक्षावधी माणसांच्या मुलांचे शिक्षण आणि नोकऱ्या अडून राहिल्या.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू असता, गोवाऱ्यांचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला. दिवाळी होऊन पुरते तीन आठवडे झाले नव्हते. भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ अशा लांबलांबच्या गावांहून माणसे बायकामुले घेऊन आली होती. पुष्कळांनी शिदोरी बरोबर आणली होती. मॉरिस कॉलेजच्या चौकाजवळ मोर्चा अडविण्यात आला. निवेदन घेण्यास कोणी येईल म्हणून लोक तिष्ठत राहिले. संध्याकाळी गर्दी पुढे सरकली, लाठ्या चालल्या, पुढे अडसर आणि मागून लोट, आणि त्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मरण पावली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती.

आम्ही त्या वेळी नुकतेच अध्यापनास लागलो होतो. शिकवीत होतो इंग्रजी बॅलड: बिशप पर्सीचा १७६५ चा संग्रह, चाइल्डसाहेबांचे खंड, आणि निरक्षर गायकांच्या तोंडी टिकून राहिलेल्या काव्याची थोरवी. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तो मुलांनी विचारले, ‘सर, हे गोवारी म्हणजे कोण?’ आम्ही जे उत्तर दिले ते खानेसुमारीतले होते. कोंडलेल्या कळपात पुढच्याला मागे फिरता येत नाही आणि मागच्याला पुढचे दिसत नाही, म्हणून अशा वेळी त्याला रेटू नये, बाजूने वाट मोकळी करून हाक देत राहावे, हे ज्यांच्या मुलांना आठव्या वर्षी ठाऊक असते अशी ती माणसे होती. हे त्या दिवशी आम्हांस सांगता आले नाही, कारण ठाऊकच नव्हते.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशी-आयोग बसला. १९९५ मध्ये राज्याने विशेष मागास प्रवर्ग निर्माण करून गोवाऱ्यांचा त्यात समावेश केला, त्या प्रवर्गास दोन टक्के राखीव जागा मिळाल्या. जमातीचा दर्जा मिळाला नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निर्णय दिला की ‘गोंड गोवारी’ ही स्वतंत्र जमात १९११ पूर्वीच लोपली होती, तेव्हा यादीतील त्या नावाने गोवारीच समजावेत. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. यादीत जे लिहिले आहे त्यात न्यायालयास भर घालता येत नाही, आणि ‘गोवारी’ व ‘गोंड गोवारी’ हे एक नव्हेत. मधल्या दोन वर्षांत ज्यांना प्रवेश व नोकऱ्या मिळाल्या त्यांस मात्र अभय दिले. दोन्ही न्यायालयांपुढे जुन्या इंग्रजी ग्रंथांची पाने उलटली गेली. कोण कोणाच्या हातचे खात होता, हे रसेलसाहेबांनी हौसेने लिहून ठेवले होते. त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. सीताबर्डीवरील उड्डाणपुलास आज गोवारी शहीदांचे नाव आहे, आणि झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी दर वर्षी २३ नोव्हेंबरला माणसे जमतात.

कळमन्याच्या त्या वृद्धास आम्ही थांबविले आणि म्हटले, ‘बाबाजी, दोन ओळी पुन्हा म्हणाल का? लिहून घेतो.’ तो संकोचला. म्हणाला, ‘गाय आयकते म्हनून म्हनतो जी, मास्तर. मानसं आयकाले बसले का मंग मले लाज येते.’ गाई किती राखल्या असे विचारता, लहानपणी आखरावर दीडशे होत्या, बाप होता तोवर राखल्या, मग बाजारात हमालीस लागलो, असे त्याने सांगितले. मेळ्यातील दोघे तरुणही हमालीच करतात. त्यांतला एक बारावी झालेला, त्याने जातीच्या दाखल्याची हकीकत आम्हांस आमच्यापेक्षा अधिक बिनचूक सांगितली. गाणी त्याला येत नाहीत, तो टिमकी वाजवितो.

शेवटी दुकानाच्या मागल्या बाजूस, जेथे एक शेळी बांधली होती, तेथे वृद्ध बसला आणि शेळीकडे तोंड करून त्याने सहा दोहे म्हटले. त्यांत एक गोवर्धनाचा होता, एक घरधनिणीच्या आशीर्वादाचा, दोन गाईच्या वर्णनाचे; उरलेल्या दोहोंत मराठी, हिंदी आणि गोंडी शब्द असे मिसळले होते की अर्थ त्यालाच विचारावा लागला, आणि एका ठिकाणी तोही म्हणाला की बाप असाच म्हणत असे. आम्ही सर्व उतरून घेतले. मग त्याने ते वाचून दाखविण्यास सांगितले. आम्ही वाचले, वर्गात वाचतो तसे, स्पष्ट आणि सावकाश.

तो ऐकत राहिला, मान हलवीत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, ‘शब्द बरोबर हायत जी. पन याच्यात हाक कुटं हाय?’

आम्ही वही पाहिली. प्रत्येक दोह्याच्या शेवटी आम्ही पूर्णविराम दिला होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास सुरुवात केली.